एकदाच फोन करणारे

नानांच्या खिडकीपासून पंख्याच्या बटणापर्यंत एक सुतळी ताणलेली असे आणि तिच्यावर कपड्यांचे चिमटे. चिमट्यांत कपडे नव्हते, तक्रारी होत्या. जळगावातल्या आमच्या सौर पंपांच्या कंपनीत कुणाचा पंप बंद पडल्याचा फोन आला, की तक्रारी घेणारे नाना पाठकोऱ्या कागदावर नाव-गाव लिहीत आणि चिठ्ठी सुतळीच्या डाव्या टोकाला लटकवत. उजव्या टोकाची चिठ्ठी घेऊन मेकॅनिक मोटारसायकलवर निघे. पहिल्याच दिवशी मी आत शिरले आणि एक चिठ्ठी माझ्या केसांत अडकली. "हळू, पोरी!" नाना त्यांच्या अहिराणीत ओरडले, "असोदानी शे ती, तठे केळी सुकी राहिनी!" जवळच्या असोदा गावातल्या केळीबागेची तक्रार होती ती.

मला नेमलं होतं ती सुतळी काढायलाच. जळगावची रांग सुतळीवर, धुळ्याच्या शाखेची एका जुन्या संगणकात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची तिसरीच. या तिन्ही रांगा एका अ‍ॅपला जोडायच्या होत्या. फारसा कोड न लिहिता, पडद्यावर चौकटी ओढून एकमेकींना जोडत असं अ‍ॅप बनवता येतं. तक्रार आली की ती आपोआप जवळच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर पोचणार. मला वाटलं होतं, नाना नाक मुरडतील. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारू लागले. मीच वैतागायची.

त्यांचा एकच हट्ट होता. सुतळीवरची चिठ्ठी पुढे सरकायची ती दुसऱ्या फोनवर. त्याच माणसाचा पुन्हा फोन आला, की नाना उठून चिमटा उजवीकडे नेत. "पहिला फोन सवयना, दुसरा फोन गरजना," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "पंप बंद पडना की माणूस फोन करसच. पण खरी अडचण शे तो पुन्हा करस." मला हे पटलं. मी तसा नियम अ‍ॅपमध्ये बसवला: दुसरा फोन आला, तक्रार वर. सगळे खूश झाले, मालकांनी कचोरी मागवली.

महिनाभराने मी सहज आणखी एक रकाना जोडला, तक्रार किती दिवस पडून आहे याचा. सगळ्यांत जुनी तक्रार वर आली आणि नानांनी चष्मा पुसला. शिरपूरच्या वर, सातपुड्यातला एक पाडा. पिण्याच्या पाण्याचा पंप. सतरा दिवस. फोन एकच.

"माले आठवस तो," नाना हळूच म्हणाले. "शांत बोलना. मी समजनू, घाई नही." त्यांनी तो नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे हा अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस मेकॅनिकला घेऊन बसने धुळ्याला आणि तिथून शिरपूरला गेला. पुढे जीप, आणि जीप थांबली तिथून पायी.

परत आले ते थेट माझ्याकडे. मी पुढे केलेला चहा तसाच ठेवून सांगू लागले. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. टेकडी चढून गेलं की एका झाडाखाली मिळते. "टेकडी चढीसन त्यानी एकच फोन करा. आपण सांगं, माणूस येस. त्यानी इश्वास ठेवा. बाया सतरा दिन नाल्यावरथून पाणी वाहत होत्या. आनि माले म्हणे, साहेब, तुमले तरास झाया." त्यांनी डोळे टिपले नाहीत, मान खाली घातली. "मी चुकनू, पोरी. इतला वरीस चुकनू."

बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे आपण सगळेच जाणतो. नानांनी दोष स्वतःवर घेतला. मला म्हणाले, नवा नियम लिही. ज्याचा एकच फोन आहे आणि तीन दिवसांत कुणी गेलं नाही, त्याची तक्रार चौथ्या सकाळी सगळ्यांत वर.

"नाना, दोनदा फोन करणारे ओरडतील."

"ओरडू दे. ज्याले ओरडता येस, त्यानी काय चिंता?"

ते लोक खरोखर ओरडले, मालकसुद्धा कुरकुरले. नाना हलले नाहीत. सुतळी त्यांनी स्वतःच सोडली आणि चिमटे बायकोसाठी घरी नेले.

निवृत्तीनंतर ते धुळ्याजवळच्या आपल्या गावी गेले. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी अ‍ॅप उघडलं तर रांगेत सगळ्यांत वर त्यांचं गाव आणि त्यांचं नाव. पंप बंद. फोन एकच. चौथा दिवस.

मी भडकलेच. लगेच फोन लावला. "नाना, माझा नंबर आहे ना तुमच्याकडे? भर उन्हाळ्यात तीन दिवस पंप बंद, आणि मला सांगितलं नाही?"

"भेंडी वाळनी थोडी," ते शांतपणे म्हणाले.

"मग मला फोन का नाही केला?"

"तुले करा असता, तर तो दुसरा फोन झाया असता ना."

तेवढ्यात त्यांच्या अंगणात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. "ठेव आते," नाना म्हणाले, "माणूस उना."