शोकेसमधला मलम

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या इस्पितळात एखादं मशीन 'टूं टूं' करायचं सोडून 'टँव टँव' करायला लागलं, की नर्सा एलायस तुस्कानोला बोलावतात. एलायस येतो, रुसलेल्या जावयाकडे बघावं तसं मशीनकडे बघतो, दोन स्क्रू पिळतो आणि म्हणतो, "सिस्टिम असते बाबा एकेकाची." मशीन निमूट 'टूं टूं' करायला लागतं.

घरी मात्र एलायसची सिस्टिम एकच. चांगली वस्तू वापरायची नाही. लग्नात मिळालेला कपबश्यांचा सेट वसईहून डार्विनपर्यंत आला, शोकेसमध्ये बसला, पण त्याने अजून चहाचं तोंड पाहिलेलं नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक पिवळं पडलंय. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल. त्याची बायको व्हॅलेरी पाहुण्यांना सांगते, "बसा हां, खाली कुठेतरी सोफा आहे."

या माणसाला नाद एकच, हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या वायरलेसवरून जगाशी बोलण्याचा. परसात नऊ मीटरचा खांब, त्यावर अँटेना, आणि दर रविवारी चर्चमधला मास झाला की वसईच्या मित्राशी, यतिनशी गप्पा. घशातून आवाज काढत, "यतिन, तुझा आवाज विहिरीतून येतोय, ओव्हर." सवय इतकी, की जेवताना "मीठ दे, ओव्हर" म्हणतो. व्हॅलेरी म्हणते, "हात लांब कर, ओव्हर."

हा खांब उभा करायला मदत केली शेजारच्या डॅझने. डॅझने चाळीस वर्षं टॉवर चढण्यात घालवलेली, आता रिटायर. बोलताना ओठ फारसे हलवत नाही. माशी आत जाईल म्हणून असावं. त्या दिवशी सगळं झाल्यावर एलायसकडे बघून तो म्हणाला होता, "नॉट बॅड ऑन द टूल्स, इलाय." बस! एवढं एक वाक्य. एलायसने ते यतिनला तीन रविवार ऐकवलं. इस्पितळाची सर्टिफिकेटं फायलीत होती, हे काळजात होतं.

आणि त्याच दिवशी डॅझने त्याला एक डबा दिला. चकचकीत, झाकणात ब्रश असलेला. आत राखाडी मलम, अँटी-सीझ. डॅझ त्याला 'गूप' म्हणतो. "बुंध्याच्या बिजागरीवरचे दोन बोल्ट आज नुसते हाताने लावलेत, मेट. उद्या एकेक करून काढ, आट्यांवर हे गूप फास आणि मग आवळ. स्टेनलेसचा बोल्ट, स्टेनलेसचा नट. कोरडे पिळलेस की दोघं सख्ख्या भावांसारखे एकमेकांना चावतात, मग सोडत नाहीत. त्यात आपली ही खारी हवा."

एलायसने मान डोलावली. पण मनात म्हणाला, आईची स्टीलची भांडी पन्नास वर्षं गंजली नाहीत, तिने कुठे मलम फासला होता? शिवाय इतका देखणा डबा, तोही भेट आलेला, तो काय उघडून चिकट करायचा? डबा गेला शोकेसमध्ये. एका बाजूला वेलंकणी मेरीमातेची मूर्ती, दुसऱ्या बाजूला मुलीचा, लूसीचा, फर्स्ट कम्युनियनचा फोटो. आणि बोल्टांना मिळालं डोक्याला लावून उरलेलं बोटभर खोबरेल तेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणावरून प्रश्न आला, "यूज्ड माय गूप, इलाय?"

"ऑफ कोर्स, मेट! फुल!"

अकरा महिने गेले. मग मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी रेडिओवर इशारा आला, संध्याकाळपर्यंत वादळ. खांब आडवा करणं भाग होतं, नाहीतर तो कुंपणापलीकडच्या डॅझच्या कॅरव्हॅनवर झोपणार. काम सोपं होतं. बुंध्याशी बिजागरी होती. दोरीने आधार द्यायचा, तिच्यावरचे ते दोन बोल्ट काढायचे, खांब हळूच खाली घ्यायचा.

एलायसने पाना लावला. पाव फेरा. कुँईईई! आणि थांबला तो थांबलाच. दुसरा बोल्ट. कुँईईई! तोही थांबला. एलायस पान्याला लोंबकळला.

"सिस्टिम काय म्हणते?" व्हरांड्यातून व्हॅलेरी.

"तू आत जा बघू!"

तेवढ्यात डॅझ आला. स्वतःचा लांब पाना लावला, लालबुंद झाला, थांबला. नटावरून बोट फिरवलं. "चावलाय," हळूच म्हणाला. "गूप लावूनसुद्धा?"

"फुल," एलायस म्हणाला. आवाज विहिरीतून आला.

डॅझ आइसबॉक्सवर बसला. टोपी काढली. "चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, इलाय. गूप लाव, कधी अडकणार नाही. एकदाही अडकलं नव्हतं." मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "की अडकत होतं, आणि मलाच कुणी सांगितलं नाही?"

एलायसला वाटलं, आता पाऊस यावा. आला नाही.

"डबा आण," डॅझ म्हणाला. "बॅच नंबर बघतो. दुकानदाराला आत्ता फोन लावतो."

'संपला, फेकला' हे दोन शब्द एलायसच्या जिभेवर तयार होते. पण डॅझने टोपी अजून डोक्यावर घातली नव्हती. एलायस आत गेला. वेलंकणी मातेकडे न बघता डबा उचलला आणि बाहेर येऊन डॅझच्या हातात ठेवला.

डॅझने डबा फिरवला. सील शाबूत. धुळीचा कण नाही, कारण व्हॅलेरी दर शनिवारी पुसते.

"इट्स... शट," डॅझ म्हणाला.

"शोकेसमध्ये होता," एलायस म्हणाला. "मी खोटं बोललो, डॅझ. खोबरेल तेल लावलं होतं. केसांचं."

"शोकेसमध्ये कुठे?"

"मदर मेरीच्या शेजारी."

डॅझचे ओठ हलले. आधी थोडे, मग सगळे. तो असा हसला की गेल्या अकरा महिन्यांतल्या सगळ्या माश्या आत गेल्या असत्या. "हेअर ऑइल! डोंट टच मी इन हॉस्पिटल, इलाय!" मग टोपी घातली, ग्राइंडर आणला आणि एलायसने दोरी ताणून धरलेली असताना चर्रर्र करत दोन्ही बोल्ट कापले. खांब म्हाताऱ्यासारखा कण्हत आडवा झाला. 'नॉट बॅड'बद्दल मात्र डॅझ अवाक्षर बोलला नाही, आणि एलायसचीही विचारायची हिंमत झाली नाही.

वादळ समुद्रातच वळलं. गावाला फक्त पाऊस आणि आंब्याची एक फांदी मिळाली.

पुढच्या शनिवारी खांब पुन्हा उभा राहिला. या वेळी एलायसने सील स्वतः फोडलं. फोडताना डोळे मिटले, ते डॅझने पाहिलं. आट्यांवर मलम, वॉशरवर मलम, एलायसच्या कोपरापर्यंत मलम.

"जरा कमी," डॅझ म्हणाला. "बोल्टला लावायचाय, बोल्टचं लग्न नाही."

सगळं आवळून झाल्यावर डॅझने पिशवीतून दुसरा डबा काढला. नवा, चकचकीत, सीलबंद. एलायसच्या काखेत खोचला.

"दॅट वन, यूज," पहिल्याकडे बोट करून तो म्हणाला. "दिस वन, मदर मेरी."

आतून व्हॅलेरीचा आवाज आला, "चहा झालाय! कुठल्या कपात देऊ?"

एलायस दोन्ही हातांनी डबा धरून उभा राहिला. मग म्हणाला, "शोकेसमधल्या दे." आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "फक्त डॅझला."