डावऱ्या हाताचा महागडा माऊस

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, सगळं संगणकावर मीच करते. मी डावरी आहे, त्यामुळे माऊसही डाव्या हातातच. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या बॅनरची कामं अंगावर आली आणि डावं मनगट इतकं दुखायला लागलं, की संध्याकाळी भाकरी थापवेना. शेवटी हिंगोलीतल्या मैत्रिणीला फोन लावला.

आम्ही दोघी शाळेत एकाच बाकावर बसायचो. लिहिताना माझं कोपर तिला लागायचं, म्हणून तिनंच बाईंना सांगून मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवून घेतलं होतं. आता ती कम्प्युटरच्या वस्तूंबद्दल मराठीत व्हिडिओ बनवते. लोक तिचं ऐकतात. मला त्याचा केवढा अभिमान होता!

“डोळे झाकून हा घे,” तिनं एका माऊसची लिंक पाठवली. “मी स्वतः वापरून राहिले. मनगटाला काहीच तकलीफ न्हाई.”

किंमत पाहून नवरा म्हणाला, “एवढ्यात दहा माऊस येतेत की!”

“तिनं सांगितलंय,” मी म्हणाले. विषय तिथंच संपला.

माऊस आला. दिसायला देखणा, एखाद्या गुळगुळीत गोट्यासारखा. पण एका कडेला अंगठ्यासाठी खोलगट जागा केलेली, आणि ती फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याची. माझ्या डाव्या हाताची करंगळी त्या खळग्यात लोंबकळायला लागली. मी पुन्हा फोन केला.

“अगं, हा डाव्या हातात बसतच नाही.”

“मग उजव्या हातानं वापर. वापस करू नको. हळूहळू सवय होते. मलाबी पहिल्यांदा जडच गेलं होतं.”

मी तिच्यावर विश्वास ठेवून उजव्या हातानं काम करू लागले. फोटो एकीकडे ओढावा तर दुसरीकडे जायचा. जवळच्याच पुसेगावचे एक काका बॅनरसाठी खुर्चीत बसून कंटाळले आणि म्हणाले, “ताई, आज तुमचा हात काहून चालून नाही राहिला?” मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, त्या माऊसची चकरी अप्रतिम होती. एकदा ढकलली की लांबलचक पान सरसर खाली जायचं. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात त्याच्यावरचं रबर चिकट झालं, बोटांना काळं लागायला लागलं. तोवर परत करायची मुदतही गेली होती.

पुढे छपाईच्या कामासाठी हिंगोलीला गेले, तेव्हा तिच्या घरी डोकावले. टेबलावर दिवे, कॅमेरा, आणि संगणकाशेजारी वायरचा साधा माऊस. बटणांवरचा रंगही उडालेला.

“तुझा तो माऊस कुठंय?”

“कोणता?” तिला खरंच आठवेना. मग म्हणाली, “हां, तो! व्हिडिओपुरता पाठवला होता त्यांनी. गेला वापस.”

“तू तर म्हणालीस, वापरून राहिले.”

“सगळ्यांना तसंच सांगावं लागतं गं. लिंकवरून कुणी घेतलं की मला कमिशन भेटतं. वापस केलं की कटतं.”

“सगळ्यांना सांग. मला काहून सांगितलंस?”

ती चहा ठेवायला आत गेली. तिथूनच म्हणाली, “तू डावरी हायेस हे डोक्यातूनच गेलं बघ.”

“आणि फोनवर सांगितलं तेव्हा?”

चहा आला. आम्ही दोघींनी तो पोरांच्या शाळेबद्दल बोलत प्यायला.

परतताना बाजारातून दोन्ही बाजूंनी सारखा असलेला एक स्वस्त माऊस घेतला. मनगट डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, टेबल उंच आहे. सुतारानं पाय कापून दिले आणि महिन्याभरात हात हलका झाला.

मग मी तिच्या व्हिडिओखाली एकच ओळ लिहिली: “माऊस चांगला आहे, पण डावऱ्यांनी घेऊ नये.” कुणाच्या तरी उपयोगी पडेल एवढाच हेतू होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बाकी सगळ्यांचं कौतुक तिथंच होतं. माझी ओळ तेवढी काढून टाकली होती.