सोमवारची हजेरी आणि स्पॅमचा डबा

ऑफिसात फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की फाईल मागितली तर सापडत नाही आणि किस्सा न मागताच बाहेर पडतो! चौसाळ्याजवळच्या आमच्या छोट्या कॉलेजात मी बरीच वर्षं क्लार्क आहे. चहा सांगा, मग ऐकवते.

आमची निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या बाजूला कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहतात. त्यांचं वर्ष बुडू नये म्हणून आमच्या प्राचार्य सरांनी एक युक्ती काढली. दर सोमवारी पोरांनी ऑफिसला एक ई-मेल करायचा: मी हजर आहे, अमुक धडा वाचला. मी रजिस्टरात टिक करायची. टिका पुरेशा झाल्या तर परीक्षेचा फॉर्म, नाहीतर नाही.

"व्हॉट्सअ‍ॅप का नको सर?" मी विचारलं.

"तिथं गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली हजेरी सापडायची नाही!"

मला ही युक्ती फार आवडली होती, अजूनही आवडते. मुलाचं वर्ष बुडलं तर तो पुढच्या वर्षी परत येतो. मुलीचं बुडलं की घरी बघायला पाहुणे येतात.

*

पहिले दोन सोमवार एकही मेल आला नाही. आम्ही पोरांना आळशी ठरवून मोकळे झालो.

मग सर एका लग्नाला परळीला गेले आणि तिथूनच रजेचा मेल केला. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. तो आम्हाला दिसलाच नाही. मी नियमाप्रमाणे सरांची गैरहजेरी मांडली! दुसऱ्या दिवशी सर तापले. शोधाशोध करता करता स्पॅमचा डबा उघडला, तर सरांचा अर्ज एक परदेशी लॉटरी आणि टक्कल घालवायचं तेल यांच्या मधोमध बसलेला. त्याखाली आमची सगळी पोरं, ओळीनं! "Mi hajar aahe sir." "Mi pan hajar aahe sir."

सर हळूच म्हणाले, "म्हणजे वर्ग भरलेला होता. आपणच बाहेर उभे होतो."

*

राहिलेल्या टिका केल्या आणि संभाजीनगरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अक्षरं इंग्रजी आणि शब्द इंग्रजी नाहीत. फसवणारे लोकही असंच मोडूनतोडून लिहितात. म्हणून फिल्टर संशय घेतो."

आमचे शिपाई बापू फोनला कान लावून होते. ते म्हणाले, "म्हंजी गावातल्या कुत्र्यावाणी हाय की हे. वळखीचा वास न्हाई आला की भुकायचं. चोर आसू न्हाईतर जावई!"

*

सरांनी बापूंना काम दिलं. रोज तो डबा उघडायचा आणि पोरांच्या मेलवर 'हा स्पॅम नाही' असं दाबायचं. आठ दिवसांत ऑफिसच्या मेलवर लॉटऱ्या, तेलं आणि कुठल्याशा परदेशी विधवांची प्रेमपत्रं यांचा पूर आला. बापूंनी सरसकट सगळ्यांवर दाबलं होतं!

"बापू, हे काय केलंत?"

"ताई, दारात आल्यावर एकाला आत घ्यायचं न् एकाला भाईर ठिवायचं, बरं दिसतंय का?"

त्या दिवशी सरांनी फर्मान काढलं: यापुढं त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. पोरांना फोन करून सांगा, देवनागरीत नाहीतर इंग्रजीत लिहा. ज्यांचे फोन लागले, त्यांना मी सांगितलं.

*

एका पोरानं टायपिंगची कटकट नको म्हणून फोनला बोलून मराठी लिहवून घेतलं. फोननं ऐकलं ते सगळं इमानदारीनं लिहिलं: "मी हजर आहे सर तिसरा धडा वाचला ए बे बैल धर की मोबाईलला काय बोलतूस येड्यावाणी आलो दादा धन्यवाद सर."

फिल्टरनं हा मेल बिनतक्रार सोडला. सर म्हणाले, "टिक करा. पोरगं हजर असल्याचा याहून पक्का पुरावा नको."

*

दुसऱ्या एकाचा झोकदार इंग्रजी अर्ज आला. बहिणीचं लग्न आहे, चार दिवस रजा मिळावी, आपला आज्ञाधारक. पुढच्या सोमवारी पुन्हा बहिणीचं लग्न. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा! मी फोन केला.

"अरे, बहिणी किती आहेत तुला?"

"एक बी न्हाई मॅडम. पण गाईडात तेवढाच अर्ज हाय, आन् त्योच पोचतोय."

*

आता सुरेखाचं सांगते. आष्टीकडच्या वाडीतली मुलगी, घरात कॉलेजला आलेली पहिलीच. तिचा फोन लागत नव्हता. नंतर लावू म्हणून मी नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी हरवली. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ती एसटीनं आली. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. रजिस्टरात पहिल्या तीन टिका, पुढं सगळी ओळ कोरी.

"हजेरीच नाही बाळ. फॉर्म कसा देऊ?" सर म्हणाले.

"धाडलीय की सर. दर सोमवारी."

मला ती हरवलेली चिठ्ठी आठवली. फर्मान मोडून मी तो डबा उघडला. तिचे मेल होते, अजून इंग्रजी अक्षरांतच, पण चारच. तीस दिवसांहून जुने मेल त्या डब्यातून आपोआप पुसले जातात, हे मला ठाऊक होतं. तिनं पिशवीतून बापाचा काच फुटलेला फोन काढून सरांपुढं ठेवला. पाठवलेले सगळे मेल त्यात होते, एकही सोमवार चुकला नव्हता. सर मोठ्यानं वाचू लागले. "मी हजर आहे सर. दुसरा धडा वाचला." "मी हजर आहे सर. आज गाडी भरायची होती, अर्धाच झाला." पुढचे मात्र त्यांनी मनातच वाचले. मला तिच्याकडं बघवेना.

सरांनी सगळ्या टिका स्वतःच्या हातानं केल्या आणि फॉर्म पुढं ओढला. सही करता करता विचारलं, "अगं, एवढ्या दिवसांत आमचं एक उत्तर नाही. तरी पाठवत कशी राहिलीस?"

"शाळंत बी तसंच असतंय की सर. आपण हजर म्हणायचं. गुरुजी कुटं मान वर करतेत? खाली बघून लिवून घेतेत."