शून्य मासळीचे ते दिवस

मंडळी, ओठ इतका सुजलाय की बोलता येत नाहीये, म्हणून लिहितोय.

आज नरपडला मच्छीमारांच्या बैठकीत आमच्या संस्थेचा अहवाल वाचत होतो. समुद्रात कुठे किती मासळी मिळते, त्याचा. आमचं ठरलं होतं की बोटींवरच्या जीपीएसचे आणि मासळीचे आकडे मशीनने तपासायचे आणि काही विचित्र दिसलं तर आम्ही किनाऱ्यावर जाऊन विचारायचं. साहेबांनी ते जाणंच बंद केलं. म्हणे, "मशीन सगळं सांगतं, पेट्रोल कशाला जाळता?"

मी वाचलं, "खडकाजवळच्या पट्ट्यातली मासळी संपली आहे. सगळ्या बोटी तिथे सलग काही दिवस फिरल्या, हाती शून्य."

पुढे बसलेला मोरेश्वर तांडेल उठला. लॅपटॉप उचलून त्याने जमिनीवर आपटला, माझी कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. पडलो तर लाथ घातली. लोकांनी त्याला मागे ओढलं म्हणून वाचलो.

"माझा भाऊ बुडाला तिथे!" तो ओरडत होता. "अख्खं गाव बोटी घेऊन त्याला शोधत होतं. जाळं कोण टाकणार रे?"

कोणी बुडालं की इथे सगळ्या बोटी धंदा सोडून शोधायला निघतात. किनाऱ्यावर कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

रक्त पुसत साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहवालात दुरुस्ती करून घेऊ. लॅपटॉपमधला डेटा वाचला ना?"

मोरेश्वरवर मी तक्रार करणार नाही. पण मला सांगा, डोकं मशीनचं, सही साहेबांची आणि थोबाड माझं, ही कसली कामाची वाटणी?