कपबशीचे आप्पा आणि वाडीचा भंडारा

निवडून आलेल्या माणसाभोवती माणसं जमतात, पडलेल्या माणसाभोवती किस्से. आमचे आप्पा विधानसभेला पडले त्याला बरीच वर्षं झाली. पण दौंडला माझ्या दुकानात चार टाळकी जमली की कुणीतरी म्हणतोच, "ते कपबशीचं सांगा की!" मग एकातून दुसरा किस्सा निघतो आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत राहतं.

दुकान माझं लाऊडस्पीकरचं. दौंडचा असूनही आप्पांच्या दोस्तीखातर मी शिरूर तालुका पालथा घातला. आप्पा निमोण्याच्या पलीकडच्या एका धनगरवाडीचे. वाडवडील मेंढरांमागं फिरले. आप्पांनी जमीन कसली, विहीर पाडली, पण पायाला लागलेली भिंगरी काही सुटली नाही. भाषण करतानासुद्धा चालायचे! प्रचारात माझी निम्मी शक्ती माइकची वायर सोडवण्यात गेली.

मतदानाची मशीनं नवीन आली होती तेव्हाची ही गोष्ट. पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही! आमदार होऊ असं आप्पांनाही वाटत नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "तालुक्यात पडलो तर पडलो. पर वाडीत एक नंबर पायजे. वाडी एकीकडं हाय असं दिसलं, तर फुडच्या येळी वाडीला इचारल्याबिगर कुणाचं पान हालायचं न्हाई. न्हाईतर हायेच की, पाच वर्सांनी येत्यात, हात जोडत्यात आन् जात्यात."

एवढ्यासाठी सगळा आटापिटा.

*

अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी मोठ्या पक्षाचे दोन पुढारी वाडीत आले. बाजेवर बसले. आप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते. पुढाऱ्यांच्या माना डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

"आप्पा, ऐका आमचं. या वेळी बसा तुम्ही. सोसायटीवर घेतो तुम्हाला."

आप्पा चालता चालता म्हणाले, "सात पिढ्या मेंढरामागं चालल्या आमच्या. बसायचं कुणी शिकवलंच न्हाई बघा!"

पुढारी चहा न घेताच उठले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. सोसायटी काही वाईट नव्हती हो!

*

चिन्ह मिळालं कपबशी. आप्पा खूश! "घराघरात हाय, आन् काय पायजे?"

काय पाहिजे होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. जाईल त्या घरात चहा, तोही मुद्दाम कपबशीतून. नाही म्हणायची सोय नाही. उमेदवारानंच आपलं चिन्ह नाकारलं तर लोकांनी काय करायचं? पोटात नुसती आग. शेवटी आप्पांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "इलेक्शनच्या सायबाला इचार की, चिन्ह बदलून तांब्या मिळंल का?"

तसे एकदा सुटलोही. एका गावात हॉटेलवाला पलीकडच्या पार्टीचा होता. आमची जीप थांबलेली बघून त्यानं सगळ्या कपबश्या आत नेल्या आणि गिऱ्हाइकांना ग्लासातून चहा द्यायला लागला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

आप्पांची छाती फुगली. "बघितलं का? भ्याले आपल्याला!"

*

आमचे पक्षाध्यक्ष सोलापूरकडून रेल्वेनं येणार होते. दौंडला उतरायचं आणि जीपनं शिरूरच्या सभेला जायचं, असं ठरलं होतं. मी माझ्या गावची इज्जत म्हणून जंगी तयारी केली. हलगी, फेटे, हा एवढा मोठा हार!

गाडी लागली. अध्यक्ष दारात आले आणि हलगी कडाडली. त्या बिचाऱ्यांना वाटलं, हे वाटेतल्या स्टेशनवरचं स्वागत! त्यांनी हार घालून घेतला, चारी दिशांना हात जोडले आणि आत जाऊन जागेवर बसले. मी खिडकीशी धावतोय, "साहेब, उतरा! साहेब, उतरा!" हलगीपुढं माझं कोण ऐकतंय? गाडी सुटली. साहेब पुण्यापर्यंत हात हलवत गेले असावेत.

शिरूरला लोक जमून बसले होते. आप्पांनी माइक घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "साहेब आपला हार घेऊन तडक पुण्याला गेल्यात! एक मिन्टाची सवड न्हाई मानसाला!"

टाळ्या पडल्या. अहो, खरंच पडल्या!

*

आमची सगळ्यात मोठी सभा झाली वडगाव रासाईला, भीमेच्या काठी. सकाळची वेळ. आम्ही आपले जीपवरून ओरडत चाललो होतो, तर घाटावर ही गर्दी! सगळी माणसं खाली बसलेली, एकदम शांत. मी भोंगा लावला, आप्पा सुरू झाले. पाणी, रस्ता, वीज. कुणी हलत नव्हतं, खोकतसुद्धा नव्हतं. एवढी गुणी माणसं आम्हाला कुठंच भेटली नव्हती. आप्पांना स्फुरण चढलं.

इतक्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "शिवला! शिवला!"

सगळी सभा एकदम उठून चालायला लागली.

आप्पांनी एका म्हाताऱ्याला अडवलं. "आबा, मत कपबशीलाच ना?"

"दिलं असतं की! पर आमी नदीपल्याडचे, आमचं मत दौंडाला. पावण्याच्या दहाव्याला आलो व्हतो. कावळा काय पिंडाला शिवंना, म्हणलं तवर तुमचं ऐकू!"

*

आता गंमत बाजूला ठेवून सांगतो. आप्पांना खरी धास्ती होती ती वाडीचीच. कारण तिकीट अगदी ऐनवेळी आलं होतं. त्याच्या आधी, आषाढातच, मोठ्या पक्षाच्या लोकांनी बिरोबाच्या देवळात सगळ्या वाडीला भंडारा उचलायला लावला होता. देवापुढची हळद हातात घेऊन मताचा शब्द द्यायचा. म्हणजे संपलं! माणूस जिवाला मुकेल पण तो शब्द मोडणार नाही. वाडीतल्या झाडून सगळ्या मतदारांनी तो दिला होता. आप्पा उभे राहतील हे तेव्हा खुद्द आप्पांनाही माहीत नव्हतं!

आता घरोघर एकच. "आप्पा, तुमी आमचेच. पर भंडारा उचाललाय."

सख्खा मेव्हणा बापू, तोही मान खाली घालून तेच म्हणाला. आप्पा दोन दिवस नुसते शिवारातून चालत होते. जेवायलासुद्धा बसेनात. मला भारी कळवळा आला.

मग वाडीच्या भगतानं वाट काढली. शब्द देवापुढं दिलाय, तर देवापुढंच माघारी द्यायचा. ज्यानं उचलला त्यानं स्वतः गाभाऱ्यात जायचं, चिमूटभर भंडारा देवाच्या पायाशी ठेवायचा आणि "देवा, मोकळा कर" म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीनं चालत नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी देवळापुढं ही रांग! आणि आप्पा? ते कुठं एका जागी थांबतायत! मळ्यातनं माणसं आणतायत, म्हाताऱ्यांना हाताला धरून पायरी चढवतायत, "चला, चला, फुडं सरका" करत रांग हलवतायत. शेवटची म्हातारी बाहेर आली तसे जीपकडं पळाले. "चला, एक गाव ऱ्हायलंय!"

*

मतमोजणीच्या दिवशी दुपारीच निकाल लागला. तालुक्यात आम्ही आपटलो, ते ठरलेलंच होतं. पण आमचा जीव अडकला होता वाडीच्या मशीनमध्ये. शेजारच्या वस्तीची जवळजवळ वाडीएवढीच मतं त्याच मशीनमध्ये होती आणि ती मोठ्या पक्षाची ठरलेली होती. बापू आकडा घेऊन वाडीत आला तो रडवेला होऊन.

वाडीत मोठ्या पक्षाचा माणूस पुढं होता. आमच्यापेक्षा एका मतानं!

पारावर गलका उठला. एकच मत! नुसतं एक माणूस इकडं आलं असतं तर वाडी आपली होती. कोण फितूर झालं? पोरांनी बापूलाच धरलं, कारण सख्खा असूनही भंडाऱ्याचं तोही बोलला होता. बापूनं आपल्या लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडायला लागला. "दाजी, मी बिरोबाला माघारी दिला व्हता वो! कपबशीच दाबली मी!" भगतालाही विचारून झालं. प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघत होता.

आप्पा पाराला फेऱ्या मारत होते. मारत होते, मारत होते आणि मध्येच थांबले. मग सगळ्या निवडणुकीत पहिल्यांदाच खाली बसले.

"त्याला सोडा," ते म्हणाले. "मशीनपुढं हुबा ऱ्हायल्यावर ध्यानात आलं. समद्यांना आत धाडता धाडता, माझा भंडारा माघारी द्यायचा ऱ्हायला."