उजव्या बाजूची खिडकी

छप्पन साली भाषेवरून राज्यांची वाटणी झाली आणि मी मुंबई राज्याच्या वाट्याला आले. हैदराबादला मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायची, तेही उर्दूतून. आता परभणीला जाऊन मराठीतून शिकवायचं होतं. तिथल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी आधीच कळवलं होतं की पहिला तास त्या स्वतः बसून पाहणार. जमलं तर ठेवणार, नाहीतर परत. काकांनी तेवढ्यात आमच्या बेगम बाजारभर सांगून टाकलं, पोरगी चार दिवसांत परत येते बघा. मला असा राग आला की मी बिछाना दुप्पट मोठा बांधला.

अक्षरं आईच्या पोथ्यांतून ओळखीची होती, पण हात उर्दूचा, उजवीकडून डावीकडं लिहिणारा. खडू घेतला की तो फळ्याच्या उजव्या टोकालाच जायचा. मला पोहोचवायला निघालेल्या अण्णांना, माझ्या वडिलांना, हे ठाऊक होतं. आबिड्सच्या कचेरीत त्यांचा जन्म उर्दूत लिहिण्यात गेला होता.

काचीगुड्याहून सकाळी गाडी सुटली. मी डावीकडची खिडकी धरली होती. थोड्या वेळानं अण्णांनी मला उठवलं.

"नक्को माय, तिकडं नक्को. या बाजूला बस."

"इथं सावली आहे, अण्णा."

"ऱ्हाऊ दे सावली. बाहेर बघ तर खरं."

उजव्या खिडकीत ऊन तोंडावर येत होतं. पण बाहेरचं सगळं डावीकडून येत होतं आणि उजवीकडं जात होतं. खडकांच्या टेकड्या, तळी, शिंदीची झाडं. अण्णांनी पिशवीतून पाटी काढली.

"दिसंल ते लिही. जिकडून येतं तिकडूनच सुरू कर."

मी टेकडी लिहिली, तळं लिहिलं. हात उलटा पळाला की अण्णा नुसतं खिडकीकडं बोट करत. समोरची बाई भाकरी खाता खाता हसत होती. हसू दे, म्हटलं. मग गोदावरी आली. एवढं रुंद, शांत पाणी मी पहिल्यांदाच पाहत होते. अण्णांनी हात जोडले. मी आधी गोदावरी लिहिली, मग हात जोडले. पलीकडं काळी जमीन आणि ज्वारी लागली. पाटी पुसून पुसून पदर मळला. मी घाबरले होते, पण परत जायचं नव्हतं.

परभणीत धर्मशाळेत उतरलो. तास पार पडेपर्यंत बिछाना मी सोडू दिला नाही. सतरंजीवरच झोपलो.

सकाळी बिछान्यासकट शाळेत पोहोचलो. वर्गात मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. मी खडू उचलला आणि पाय सरळ फळ्याच्या उजव्या टोकाला गेले. पोरी फिदीफिदी हसल्या. पण मी वळले.

"मी हैदराबादहून आले. तिकडचा फळा इथून सुरू होतो," मी म्हटलं. "तुमचा तिथून."

आणि सगळ्यांच्या देखत फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि लिहिलं, भागाकार.

तास संपल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्याही याच वर्गावर या."

बाहेर व्हरांड्यात अण्णा माझ्या बांधलेल्या बिछान्यावर बसून होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"उठा अण्णा," मी म्हटलं, "दोऱ्या सोडा."