मुंगीची परीक्षा

बारामतीत कालव्याकडेच्या वस्तीत मी नऊ वर्षं आशाताई आहे. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी जायचं, सातव्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, फॉर्म भरायचा. पण खरं जे घडतं त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. मग ते साठत जातं आणि मीटिंगला आम्ही बायका जमलो की बाहेर पडतं!

*

हौसाबाईंची सून सोनाली. तिचं बाळ तीन दिवसांचं. "पाजलं का?" मी विचारलं.

"न्हाय. पिवळं दूध हाय, पिळून मोरीत टाकलं," हौसाबाई म्हणाल्या. मी काही बोलणार तोच हातात बशी आली. खरवस! सुप्याहून, त्यांच्या भावाच्या म्हशीचा.

"मावशी, म्हशीचा चीक पाहुण्याला आणि सुनेचा मोरीला?"

"आदी खाऊन तर बघा. वेलची घातलीया!"

बाळाला पाजायला लावूनच मी निघाले. पण माझी पाठ फिरल्यावर काय होणार, ही धाकधूक होतीच.

*

माझी मैत्रीण इंदापुरात आशाच आहे. तिच्या वस्तीतली एक बाळंतीण डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. दुपारी धावत घरी येते, तर सासू दारातच अडवते. "उन्हातनं आलीस, दूध तापलंय." छातीवर ओलं फडकं ठेवून बसवते. आत बाळाचा टाहो.

"मावशी, पोर रडतंय!" मैत्रीण ओरडली.

"रडू दी. दूध निवतंय!"

*

आमच्या वजनकाट्याची तर दृष्टच काढतात. एक आजी म्हणाली, "आकडा हळू सांगा ताई, शेजारीण ऐकती."

त्या आकड्यात नजर लागण्याजोगं काही असतं, तर मीच गल्लीभर ओरडून सांगितलं असतं!

*

सातव्या दिवशी पुन्हा हौसाबाईंकडे. काटा मी दोनदा बघितला. वजन फार उतरलं होतं. बाळाला रडायचीसुद्धा ताकद नव्हती. कोपऱ्यात बाटली, त्यात पाणी घातलेलं पिशवीचं दूध. सोनालीचा ब्लाउज दुधानं भिजलेला. खरं सांगते, संताप आला मला.

"बाटली कुणी दिली?"

"मी! तिचं दूध वाटीत काढलं, मुंगी सोडली. मुंगी मेली! इखारी दूध पाजू व्हय नातवाला?" हौसाबाईंचे डोळे भरले होते.

मी दुसऱ्या वाटीत बाटलीतलं दूध ओतलं, भिंतीवरची मुंगी उचलून सोडली. तिघी वाकून बघत बसलो. तीही मेली.

हौसाबाईंनी एकदा वाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग नातवाला उचलून सोनालीच्या मांडीवर ठेवलं. पण त्याला ओढता येईना. सोनालीनं दूध वाटीत काढलं आणि चमच्याचमच्यानं पाजत आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला. चमचा हौसाबाईंच्या हातात होता. मी रस्ताभर त्याचं पोट हलतंय ना, एवढंच बघत होते.

पाच दिवसांनी बाळ घरी आलं.

*

परवा मागच्या गल्लीत नवी बाळंतीण. तिची सासू पारूबाई हातात दुधाची वाटी घेऊन भिंतीवर मुंगी शोधत होती. मी तोंड उघडायच्या आत हौसाबाई आल्या, काखेत गुटगुटीत नातू. त्यांनी वाटी काढून घेतली.

"आगं पारू, मुंगीला पवता येत न्हाय, त्यात सुनेचा काय गुन्हा?"